फोटो झकास येतात

"बाबा रे, तुझ्या पाणबुडीला नारिंगी रंग दे. आमच्याकडे घरंसुद्धा भडक रंगवतात, धुक्यात सापडावीत म्हणून," बोटीची कप्तान लोरेटा सांगून थकली. पण न्यूफाउंडलंड बेटावर येऊन, समुद्रतळाशी बुडालेली जहाजं दाखवायचा धंदा मांडणारा थेअर कुणाचं ऐकतोय! दीडशहाणा नुसता.

"कप्तानबाई, पांढऱ्याचे फोटो झकास येतात."

"आणि दार फक्त बाहेरून उघडतं, त्याचं काय? भलतीकडेच वर आलास तर?"

"तर येऊन उघडा! पगार कशाचा घेता?"

चार पाहुण्यांना घेऊन तो खाली गेला आणि थोड्याच वेळात संपर्क तुटला. मग जहाजं आली, विमानं आली, तळ धुंडाळायला यंत्रं आली. टीव्हीवरचे तज्ज्ञ समुद्राची खोली सांगत सुटले. लोरेटाही धुक्यात, तरंगते हिमखंड चुकवत, बोट हाकत राहिली. शेजारी थेअरचा मॅनेजर मोबाइल घेऊन उभा.

"आहाहा, काय गुळगुळीत बर्फ आहे तो! थांबा, एक फोटो घेतो. जवळ नका हं नेऊ, उगाच बोटीला ओरखडा यायचा."

लोरेटानं वळसा घातला.

आतली हवा संपून गेल्यावर पाणबुडी सापडली. तळाशी नाही, पाण्यावर तरंगताना. दार बाहेरून घट्ट आवळलेलं.



मॅनेजरच्या मोबाइलमध्ये पाणबुडीचा फोटो आधीच होता. खरंच झकास आला होता.