टर्बोची शिट्टी

चढ लागला तशी गाडीच्या नाकातून बारीक शिट्टी निघाली आणि शेजारी बसलेल्या बाबांचा चेहरा उजळला.

"ऐकलंस? बोलायला लागला टर्बो! भारी मानी असतो हं. ओझं पडल्याशिवाय तोंड उघडत नाही. उभ्या गाडीत कितीही रेस कर, ढिम्म!"

लेकीने स्टिअरिंगवरूनच मान डोलावली. तिचं सगळं लक्ष तापमानाच्या काट्यावर होतं.

गाडी भंगारातून आणलेली. हौशी लोकांच्या दिवसभराच्या शर्यतीत एकदा तरी आपल्या हातची गाडी शेवटच्या झेंड्यापर्यंत न्यायची, हे बाबांचं जुनं वेड. मामा म्हणायचा, "दाजी, हिच्यापेक्षा बैल बरा, निदान शेण तरी देतो." बाबा खो खो हसायचे आणि पुन्हा बॉनेटखाली डोकं घालायचे.

मधे दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या आणि गाडी मागे पडली. मग बाबा स्टुलावर बसून सांगत आणि लेक पाना फिरवी. हवेच्या नळीवरून ते हळुवार बोटं फिरवत. चीर नेमकी सापडे. टर्बोचा दाब वाढवताना मात्र ते तिला बजावत, "हावरटपणा नको गं. दिवसभर पळायचंय."

त्या चढावरून परत आल्यावर तिने आयोजकांना फोन केला. बराच वेळ अंगणात उभी राहून बोलत होती. आत आली तशी बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"या म्हणाले." तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला. "गाडी तुम्हीच चालवायची. मी वायरलेसवर वळणं सांगेन."

बाबांनी नुसता तिचा हात घट्ट धरला.

शर्यतीच्या दिवशी बाबांनी हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले. लेकीने काटा पुन्हा एकदा तपासला. गाडी तापून मधेच बंद पडली, तर बाबा कायमचे खचले असते. असा दिवस पुन्हा जमवणं तिच्याच्याने झालं नसतं.

"सुटा, बाबा! सरळ... सरळ... आता डावं घ्या!"

इंजिन गरजलं. खिडकीतून वारा भणाणत होता, मधूनच शेजारून कुणी फटफटत निघून जाई, आणि बाबा स्वप्नात असल्यासारखे स्टिअरिंग फिरवत होते. ऊन उतरलं. सावल्या लांबल्या. तिची नजर काट्यावरून हटत नव्हती.

"टर्बो कसाय, बाबा?"

"गातोय गं! नुसता गातोय!"

वळणं सांगताना आवाज कापू नये म्हणून तिने ओठ चावला.

अखेर ती जिवाच्या आकांताने ओरडली, "झेंडा, बाबा! पोचलो आपण!"

इंजिन थांबलं. मामा घामाघूम होऊन धावत आला आणि त्याने बाबांना मिठीच मारली. लेक खिडकीशी वाकली. बाबांनी हेल्मेट काढलं, चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जन्माचं सोनं केलंस, पोरी. आता तो पंखा बंद कर, मामाच्या मोटरसायकलीला जरा दम खाऊ दे, आणि गाडी जॅकवरून खाली घे. डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. सकाळपासून टर्बो एकदाही बोलला नाही."