ओव्या आत आहेत

चांगुणाबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तिसगावच्या स्टुडिओत त्यांनी रेकॉर्ड केलेल्या ओव्या तेवढ्या उरल्या होत्या. नातीच्या हळदीला त्या लावायच्या म्हणून त्यांचे यजमान मच्छिंद्रकाका त्यांना घेऊन स्टुडिओत आले. पण स्टुडिओचा कॉम्प्युटर जळाला होता. त्यातल्या वाचलेल्या हार्डडिस्क आणि त्यांना एकत्र चालवणारं कार्ड टेक्निशियन पंकजानं नव्या कॉम्प्युटरला जोडलं होतं. डिस्क फिरत होत्या. पडद्यावर मात्र 'एकही डिस्क सापडली नाही' एवढंच येत होतं. "आवाज आत हाय न्हवं, पोरी?" काकांनी विचारलं. "आहे, काका. पण हे कार्ड ओळखायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो, तो नव्या सिस्टिमसाठी कुणी बनवलाच नाही. कंपनीच बंद पडली." "मंग?" पंकजानं कॉम्प्युटर बंद करायला हात नेला. चांगुणाबाई उठल्या आणि डिस्कच्या घरघरणाऱ्या डब्याला कान लावून उभ्या राहिल्या. पंकजानं हात मागं घेतला.