घड्याळजींचा रोजा

रोजा असला की आमच्या घड्याळजींचं नाक इतकं तीक्ष्ण होई, की चार गल्ल्यांपलीकडे कोणाच्या चुलीवर काय करपलं ते बसल्याजागी सांगत. साठ वर्षांत त्यांचा एकही रोजा चुकला नव्हता. यंदा मात्र तिसऱ्याच दिवशी चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहू नका. म्हातारा ऐकतोय कसला. पण विसरून काही खाल्लं तर रोजा मोडत नाही, हे सुनेला ठाऊक होतं. आणि घड्याळ दुरुस्त करायला डोळ्याला भिंग लागलं की सासऱ्यांचा हात समोरचं काहीही तोंडात टाकतो, हेही. दुपारच्या नमाजनंतर ती रोज शेंगदाण्यांची वाटी हळूच त्यांच्यापुढे सरकवायची. वाटी रिकामी, म्हातारा टुणटुणीत, रोजा शाबूत. एका दुपारी ती धुण्यात गुंतली. नमाज होऊन अर्धा तास उलटला. घड्याळजींनी भिंगाआडूनच हाक मारली, “सूनबाई, माझी विसरायची वेळ टळून चाललीय.”