फोनवरची शिकवणी

नवरा परदेशात नोकरीला, एकटाच. माझा व्हिसा येईपर्यंत तो मला रोज फोनवर पोर्तुगीज शिकवायचा. "ऑफिसातल्या लोकांत राहून शिकलो," म्हणायचा. पण ऑफिसातलं एखादं वाक्य विचारलं की त्याचं ततपप व्हायचं. घरातली वाक्यं मात्र तोंडपाठ. मी धुणं वाळत घालता घालता ती घोकायची. वाटायचं, आम्हाला मूल होईल तेव्हाची तयारी करून घेतोय. सासूबाई हसायच्या, "अगं, भांडायला शेवटी मराठीच लागेल हो!"

तिकडे गेल्यागेल्या मी भाषेच्या वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "येतंय तेवढं बोला."

मी घडाघडा बोलले, "दूध गरम आहे, फुंकून पी. दार हळू लाव, आत्ताच झोपलीय ती. रडू नको बाळा, आई येईलच कामावरून."

सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. बाईंनी कौतुकानं विचारलं, "वा! केवढी आहे हो लेक?"

 

"नवऱ्याला विचारून सांगते."