समोरचं दार

"वारस कोणीच नाही?" मृतांच्या मालमत्तेचं काम बघणारे कोर्टातले अधीक्षक नाडगौडा यांनी विचारलं. गेल्या आठवड्यात वारलेल्या चौबळांच्या घराला सील लावायला ते आले होते.

"कोणीच नाही. त्यांनी लग्नच केलं नाही," पंच म्हणून बोलावलेल्या समोरच्या घरातल्या बाई म्हणाल्या.

सामानाची नोंद झाली, खिडकीतल्या पोपटाच्या पिंजऱ्यासकट. नाडगौडा लाख तापवायला घेणार, तेवढ्यात खिडकीतून थकलेला, मऊ, पुरुषी आवाज आला, "ऊर्मी, थांब ना जरा!"

नाडगौडांच्या अंगावर काटा आला. पिंजऱ्यातला करडा पोपट बोलत होता.

बाई भिंतीला टेकल्या. "त्यांचाच आवाज," त्या पुटपुटल्या. ऊर्मी कोण, हे नाडगौडांना विचारावं लागलं नाही.

"जिवंत जीव आत कोंडून सील लावता येत नाही," ते हळूच म्हणाले. "तुम्ही नेता?"

"घरी हे असतात. तो दिवसभर असंच बोलेल."

"मग पक्षिशाळेत पाठवावा लागेल."

"थांब ना," पोपट पुन्हा म्हणाला.

बाईंनी डोळे पुसले, पिंजरा उचलला आणि समोरच्या उघड्या दारातून त्या आत गेल्या.

"कोण आलंय गं?" नवऱ्याने आतून विचारलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगते."