प्रज्ञाचा नवा चष्मा

"सदाशिवजी, चाय?" प्रज्ञाने विचारलं.

सदाशिवरावांनी स्क्रीनवरून मान वर केली नाही. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत हीच मुलगी बरोबर अकराला टेबलाशी येऊन "चला न काका, चहा" म्हणायची. नवा चष्मा आला आणि काकांचे सदाशिवजी झाले.

जयपूरच्या झालाना भागातल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत मराठी बोलणारी ही दोघंच. ती अकोल्याची, नोकरीला लागून वर्ष होत आलेलं. ते साताऱ्याचे, इथे सव्वीस वर्षं. मागच्या साली त्यांची बायको, प्रतिमा, गेली. घरात मुलगा होता, पण संकेत इथेच वाढलेला. त्याचं मराठी 'हो' आणि 'नको' एवढ्यावर संपायचं. सदाशिवरावांच्या दिवसातलं मराठी म्हणजे गेटबाहेरच्या थडीवरची, म्हणजे इथल्या टपरीवरची, चहाची पंधरा मिनिटं. त्यासाठी ते घरून गोष्टी जमवून आणत. प्रतिमा भरल्या वांग्यात काय घालायची, कुणावर कशी रुसायची. प्रज्ञा नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसे आणि तोंडाकडे बघत ऐके. इतकं मन लावून त्यांचं कुणीच ऐकलं नव्हतं.

मीटिंगमध्येही ती शेजारीच असे. काही निसटलं की कोपर लावून विचारायची, "काय म्हणाले?" मग ते वहीच्या कोपऱ्यावर लिहून दाखवत. लक्ष नसतं पोरीचं, असं त्यांना वाटे. ते काम त्यांना आवडायचं.

आता ती विचारत नव्हती. समोरचा बोलला की चष्म्याच्या काचेत बारीक हिरवी अक्षरं उमटत, ती वाचून ती उत्तर देई. ऑफिसात नव्या वस्तूंचं वेड होतंच. दर्शनने झोप मोजणारी अंगठी आणली होती, अवनीने मीटिंगचा वृत्तान्त लिहून देणारं बटण. दोन्ही महिन्याभरात ड्रॉवरमध्ये गेली. चष्मा मात्र कामाचा निघाला. प्रज्ञाकडून आता एकही मुद्दा सुटत नाही, असं टीमच्या प्रमुख अमिता मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्यावर दर्शन म्हणाला, "सदाशिवजी, आपकी तो नौकरी गई।" सगळे हसले. सदाशिवरावही हसले, आणि घरी जाऊन जेवले नाहीत.

चोपन्नाव्या वर्षी आपल्याला एका काचेचा हेवा वाटतोय, हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग नव्हता. थडीवर ते मराठीत सुरुवात करत, ती मध्येच म्हणे, "हिंदी में बताइए ना।" प्रतिमाच्या गोष्टी हिंदीत सांगायच्या? त्यांनी सांगणं सोडलं. एकदा भिंतीपलीकडच्या जंगलातून मोर ओरडला, अगदी जवळून. थडीवरची सगळी वळली. प्रज्ञा नाही. तिची नजर काचेत. इतकं काय असतं त्यात, ते मनात म्हणाले.

गुरुवारी त्यांनी नाव न घालता तक्रार केली. प्रज्ञाच्या चष्म्यात कॅमेरा आहे, ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ शकते. कॅमेरा आहे की नाही, हे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

सोमवारी सकाळी चष्मा अमिता मॅडमच्या कपाटात गेला. चौकशी होईपर्यंत.

अकरा वाजले. प्रज्ञा आली नाही. सदाशिवराव स्वतःच उठले. कित्येक दिवसांनी त्यांना चहाची तलफ आली होती. तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "चल प्रज्ञा, चहाला." ती टाइप करत राहिली. त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. चार टेबलांपलीकडे दर्शनने मान वर केली. प्रज्ञाने केली नाही. त्यांनी पुढे होऊन टेबलावर हात ठेवला तेव्हा ती दचकली.

ती त्यांना गॅलरीत घेऊन गेली. तिचे डोळे सुजले होते.

"काका, माझा डावा कान लहानपणीच गेला. उजवा दिवाळीपासून कमी होत होत गेल्या महिन्यात गेला. आज तीनला मला कायम करायची मुलाखत आहे. तोवर कुणाला कळू द्यायचं नव्हतं."

"मला तरी सांगायचंस," ते म्हणाले. ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. त्यांनी खिशातलं पेन काढून तळहातावर लिहिलं, 'मला तरी?'

"सांगितलं असतं तर तुम्ही गप्पच झाला असता. त्या चष्म्याला हिंदी येतं, इंग्रजी येतं, मराठी येत नाही. तुम्ही बोलायला लागलात की नुसता कचरा उमटायचा. काकूंच्या गोष्टी निसटायला लागल्या, म्हणून हिंदीत बोला म्हणत होते."

सदाशिवराव तडक अमिता मॅडमच्या केबिनमध्ये गेले. तक्रार मीच केली, ती खोटी आहे, असं त्यांनी सांगितलं. तिच्या कानांबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. मॅडमनी चष्मा त्यांच्या हातात दिला आणि नाव या केबिनबाहेर जाणार नाही असं म्हणाल्या.

प्रज्ञाने चष्मा चढवला. तिचा चेहराच बदलला. "कुणी केली होती हो तक्रार?" तिने विचारलं.

सदाशिवराव तिच्या अगदी समोर उभे राहिले. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत, हिंदीत बोलले.

"वो शिकायत मैंने की थी।"

काचेत हिरवी अक्षरं उमटली. त्यांना ती उलटी दिसत होती. तिची नजर ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ते हलले नाहीत.