सासूबाईंचा हिरवा दिवा

“आईचा खोकला थांबला, बू,” सुमिराह हसून म्हणाली. “आता शांत झोपलीय. आजच्या दिवस गावी जाऊन येऊ का?”

रेत्नोवातीने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. उंगारानच्या त्या शर्टांच्या कारखान्यात कामगारांचं सुखदुःख पाहणारं खातं तिच्याकडे होतं. सगळे तिला बू, म्हणजे बाई, म्हणत. पडद्यावर सुमिराहचं नाव होतं आणि नावापुढे महिनाभराचे हिरवे ठिपके. शेवटचा ठिपका आत्ताचा, चहाच्या सुट्टीवरून परत येतानाचा. तोही हिरवा.

फाटकावर चेहरा वाचणारं यंत्र बसवलं होतं. माणूस खुशीत असेल तर हिरवा दिवा, खचलेला असेल तर लाल. लाल लागला की त्या माणसाला बोलावून विचारपूस करायची. पण लाल दिवा अजून कोणी पाहिलाच नव्हता. मुख्य कचेरी त्यावर खूश होती. शिलाईच्या मुलींनी यंत्राचं नाव सासूबाई ठेवलं होतं. समोर गेलं की दात दाखवायचे, मग दिवसभर कटकट नाही. नवऱ्याला एवढं हसून दाखवलं असतं तर तो वेळेवर घरी आला असता, असं एक जण म्हणाली आणि सगळी रांग खिदळली होती.

सुमिराहची आई बोयोलालीकडच्या गावात आजारी आहे, हे रेत्नोवातीला माहीत होतं. आता खोकला थांबला म्हणजे उतार पडला. इकडे संध्याकाळी माल बंदराला निघणार होता, आणि कॉलर लावण्यात सुमिराहचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“बरं वाटतंय ना त्यांना? मग रविवारी निवांत जा.”

“हो, बू.” सुमिराह कमरेत वाकली आणि पुन्हा हसली. ती दाराकडे वळली.

दाराला काच होती. त्या काचेत रेत्नोवातीला तिचा चेहरा दिसला. साहेबाकडे पाठ फिरली की माणसाचं हसू उतरतं. हिचं उतरलं नव्हतं. कुणीतरी चेहऱ्यावर टाचून ठेवल्यासारखं ते तसंच होतं.

असं हसू रेत्नोवाती एकदा स्वतः हसली होती, याच फाटकावर.

तेव्हा यंत्राच्या जागी बांबूचं बाकडं होतं आणि बाकड्यावर म्बाह जोयो, म्हणजे जोयो आजोबा, बसलेला असे. म्हातारा रखवालदार होता. विड्या ओढून ओठ काळे पडलेले, शेजारी उकडलेल्या कसाव्याच्या कंदांची टोपली, वर केळीचं पान झाकलेलं. आत येणाऱ्या प्रत्येकीला तो एकच विचारी, जेवलीस का. मुली त्याची थट्टा करत. म्बाह, जेवले नाही म्हटलं तर लग्न करशील का, असं विचारत. तो म्हणे, करीन, पण स्वयंपाक तूच करायचास.

रेत्नोवाती तेव्हा बटणं लावत असे. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, ती हसतच. आपलं दुःख दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नये, असं आईने शिकवलं होतं. सगळ्यांनी विचारलं, कशी आहेस. सगळ्यांना ती म्हणाली, छान. म्बाह जोयोने विचारलं, जेवलीस का. ती हो म्हणायला गेली, आणि आवाजच फुटेना. म्हाताऱ्याने आणखी काही विचारलं नाही. पानातला गरम कसावा तिच्या हातावर ठेवला आणि तिला आल्या पावली घरी पाठवलं.

पुढे कधीतरी तिने त्याला विचारलं होतं, तुला कसं कळलं. तो म्हणाला होता, कशी आहेस म्हटलं की तोंड उत्तर देतं. जेवलीस का म्हटलं की पोटाला द्यावं लागतं.

यंत्रासाठी जागा हवी होती तेव्हा ते बाकडं हलवायला रेत्नोवातीनेच सांगितलं होतं. म्बाह जोयो त्याआधीच घरी बसला होता.

सुमिराहचा हात दाराच्या मुठीवर होता.

“सुमिराह,” रेत्नोवाती म्हणाली, “जेवलीस का गं?”

मूठ फिरली नाही. हसू तसंच होतं, पण हनुवटी हलायला लागली.

“नाही, बू.” तिने दाराची मूठ सोडली. “आईला शेवटची अंघोळ घालून झालीय. माती द्यायला दुपारच्या नमाजापर्यंत माझ्यासाठी थांबणार आहेत.”

रेत्नोवाती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. तिने कारखान्याची गाडी फाटकावर मागवली. शिलाईचा मुकादम पाक हार्दोनो धावत आला, आता कॉलर काय तुम्ही लावणार का, म्हणाला. लावीन, ती म्हणाली, तुझ्या आधीपासून मी सुई धरतेय. मग टेबलावरचा केळीच्या पानात बांधलेला भात तिने उचलला. त्याची गाठ सकाळपासून सुटली नव्हती. नवरा गेल्यापासून ती एकटीपुरता भात बांधून आणी आणि बहुतेक वेळा तसाच परत नेई.

फाटकावर सवयीने सुमिराह सासूबाईंसमोर उभी राहिली. रेत्नोवातीने तिला दंडाला धरून तिथून पुढे नेलं, गाडीत बसवलं आणि भाताचं पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं.

“वाटेत दोन घास खा. पोचल्यावर सुचणार नाही.”

गाडी सुरू झाली. सुमिराहने काच खाली केली. तिच्या गावात जेवणाचं विचारणाऱ्याला उलट विचारल्याशिवाय कोणी निघत नाही.

“आणि तुम्ही, बू? तुम्ही जेवलात?”

रेत्नोवाती हसली आणि हो म्हणायला तिने तोंड उघडलं. म्बाह जोयोनंतर तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंच्या दप्तरी तिचाही अख्खा महिना हिरवाच होता.